टिपणीसबाईंचा आरोग्याचा तास

आमच्या सिल्वासाच्या घराला मागच्या बाजूला एक पडवी होती आणि महिन्यातले तीन दिवस आई त्या पडवीत राहायला जायची. घर सरकारी, फिरंग्यांच्या वेळचं, जाड भिंतींचं. पुढे दोन मोठ्या खोल्या, मग स्वयंपाकघर, त्याच्या कोपऱ्यात फळीवर देव आणि मागे ही कौलारू पडवी. तिथे आईची चटई, पितळेचं ताट, तांब्या आणि एक जाडी गोधडी. त्या तीन दिवसांत अण्णा शाळेत जाण्यापूर्वी स्वयंपाक करायचे. ते शाळेचे हेडमास्तर, रत्नागिरीकडचे, हुकमी आवाजाचे. पण चुलीपुढे बसले की त्यांचा सगळा हुकूम धुरात जायचा. त्यांच्या कुळथाच्या पिठल्यात हटकून गुठळ्या व्हायच्या. आई पडवीतून, दाराशी न येता, सांगत राहायची, "आता ढवळा. अहो, हात थांबवू नका." आणि अण्णा हात थांबवून ऐकायचे. मी आणि धाकटा भाऊ ते गुठळ्यांचं पिठलं भातावर घेऊन खायचो. आईचं ताट मी पडवीच्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागे सरायचे, मग ती ते उचलायची. आई अशी का बसते असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं, कावळा शिवला. मी कित्येक दिवस त्या कावळ्यावर पाळत ठेवून होते. शेजारच्या ताडाच्या झाडांवर कावळे पुष्कळ होते. त्यातला नेमका कोणता आईच्या मागे लागला आहे ते मला ओळखायचं होतं.

त्या वेळचं सिल्वासा म्हणजे कचेरी, चर्च, शाळा, थोडी दुकानं आणि वापीहून येणारी बस. बस आली की तिचा भोंगा सगळ्या गावाला ऐकू यायचा आणि कोण आलं हे पाहायला माणसं बाहेर यायची. पोर्तुगीज गेले होते आणि नवीन कारभार सुरू झाला होता. त्यासाठी मुंबईहून, कोकणातून आणि वलसाडकडून नोकरदार येत होते, त्यांची बिऱ्हाडं लागत होती. आमच्या एका अंगाला जसुबेन राहायच्या. त्यांचे यजमान कचेरीत होते आणि मुलगी हंसा आमच्याच शाळेत आठवीला. जसुबेनचं मराठी गुजरातीत बुडवून काढलेलं आणि आईचं गुजराती कोकणीच्या वळणाचं, पण दोघींचं कुंपणावरून तासन्‌तास चालायचं. त्यांच्याकडून ढोकळा यायचा, आमच्याकडून नाचणीचे लाडू जायचे. त्या दोघी एकमेकींशिवाय ह्या गावात दिवस कसे काढत्या हे मला सांगता येणार नाही.

टिपणीसबाई त्या बसनेच आल्या. तिशीच्या आतल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात कसलासा गुंडाळलेला मोठा कागद. तो कागद म्हणजे माणसाच्या शरीराचा तक्ता निघाला. गिरगावात वाढल्यामुळे त्यांना गुजरातीही सरावाची होती. त्यामुळे शाळेतल्या मराठी आणि गुजराती दोन्ही वर्गांना त्या शिकवू शकत. त्यांना हंगामी म्हणून नेमलं होतं. गावालगतच्या आमलीत एका किराणा दुकानाच्या मागची खोली त्यांनी भाड्याने घेतली. एकट्या बाईने खोली घेऊन राहायचं ही गोष्ट गावाला पचायला वेळ लागला. पण अण्णांना त्या आवडल्या. "शिकवणं अंगात आहे बाईंच्या," असं ते जेवताना म्हणाले होते.

शनिवारी शेवटचा तास आरोग्याचा. आमच्या सहावीच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी नखं तपासली आणि कोणाला मारलं नाही, ह्याचं आम्हाला नवल वाटलं. त्यांनी नखाखालचा मळ काडीने काढून भिंगाखाली धरला आणि एकेकाला बोलावून दाखवला. दमणगंगेचं पाणी आणि उकळून गार केलेलं पाणी शेजारी शेजारी ठेवून कोणतं प्याल असं विचारलं. दोन्ही सारखीच दिसत होती. मग त्या जंतांबद्दल बोलल्या, खरजेबद्दल बोलल्या, शेंबूड कुठे पुसायचा ह्यावर बोलल्या. मुलं हसली तर त्याही हसायच्या. घरात भांडण झालं की पोटात का दुखतं, कोणी चिडवलं तर काय बोलावं, मोठ्या माणसाने नको तिथे हात लावला तर कोणाला सांगावं, हेही त्या त्याच तासात सांगायच्या. ह्या गोष्टी शाळेत बोलायच्या असतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. "शरीराची कुठलीही गोष्ट लपवायची नाही," त्या प्रत्येक तासाच्या शेवटी म्हणायच्या. "घरी सांगा. घरी सांगवत नसेल तर मला येऊन सांगा. माझं दार उघडं आहे."

एका शनिवारी सातवी-आठवीच्या मुलांना बागकामाला पाठवून बाईंनी त्या दोन वर्गांच्या मुलींना एकत्र बसवलं आणि दारं लावून घेतली. तास सुटल्यावर मुली बाहेर आल्या त्या खाली मान घालून. हंसाला मी विचारलं तर ती म्हणाली, "तुला नाय सांगायचं. बाई पुढच्या शनिवारी तुमचा वर्ग घेणार आहेत."

तो पुढचा शनिवार आलाच नाही. त्याच आठवड्यात हंसाने घरी तीन दिवस बाजूला बसायचं नाकारलं. बाई म्हणाल्या हे घाण नाही, मी अंघोळ करून स्वयंपाकघरात येणार, असं तिने आईला तोंडावर सांगितलं. जसुबेन तरातरा आमच्याकडे आल्या.

"आ तो बहु थयूं, बेन! पोरींना दारं लावून हे शिकवते. फळ्यावर चित्र काढलं म्हणे, पोटातलं! तुमच्या साहेबांना ठाऊक आहे?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा लाल झाला. "त्यांना कुठलं ठाऊक असणार?" ती म्हणाली. "मी सांगते त्यांना."

आणि तिने सांगितलं. जेवणं झाल्यावर, आम्ही समोर असताना, शब्द न वापरता सांगितलं. "ते" आणि "तसलं" एवढ्या दोनच शब्दांत तिने सगळं बोलणं भागवलं. अण्णा म्हणाले, "त्यांच्या अभ्यासक्रमात आहे ते. मला त्यात वावगं दिसत नाही." आई म्हणाली, "बायका मला विचारतात. मी कुठे तोंड दाखवू? उद्या आपल्या नलीला शिकवतील." अण्णांनी आणखी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं आणि ह्या विषयावर कुठल्याही मुलीशी एक अक्षर बोलायचं नाही अशी ताकीद दिली. शनिवारच्या शेवटच्या तासाला आम्ही रुमालाला टीप घालायला शिकू लागलो. बाई शिवण शिकवतानाही नीटच शिकवायच्या, पण त्यांचा तो खणखणीत आवाज गेला होता.

आता माझ्याबद्दल. संक्रांतीच्या आधी आई बाजूला बसली होती. थंडी होती, मला कणकण वाटत होती आणि दुपारच्या वेळी घरात कोणी नव्हतं. आई पडवीत गोधडी पांघरून निजली होती. मी हळूच गेले आणि तिच्या पाठीला पाठ लावून गोधडीत शिरले. ती गाढ झोपेत होती. मी तिथे किती वेळ होते कोण जाणे, पण ऊब आली तशी ताप उतरल्यासारखं वाटलं. ती जागी व्हायच्या आत मी उठले. कोणालाही सांगितलं नाही, अंघोळ केली नाही आणि तिन्हीसांजेला अण्णांनी सांगितलं म्हणून देवापुढे दिवाही मीच लावला. पण काही झालं नाही. दिवा लागला, देव होते तसे राहिले. मला वाटलं, सुटले.

पंधरा दिवस गेले असतील. आईने शुक्रवारी हळदीकुंकू ठरवलं होतं. हेडमास्तरांची बायको म्हणून सगळ्या नोकरदारांच्या घरच्या बायका आमच्याकडे येणार होत्या. घरात तीळ भाजल्याचा वास भरला होता. गुरुवारी सकाळी मला अंगावर रक्त दिसलं. मी पोटात दुखतं म्हणून शाळेला गेले नाही. पहिला विचार जो मनात आला तो आज इतक्या वर्षांनंतरही जसाच्या तसा आहे. मला वाटलं, आईचा कावळा मला लागला. मी तिला शिवले आणि ते लपवून देवाला हात लावला, त्याचं हे. मी परकर धुवून लाकडांच्या ढिगामागे वाळत टाकला. तो वाळेना. फडकं घेतलं, तेही लाल झालं. दिवसभर मी कशाला हात न लावता घरात हिंडत होते आणि आई म्हणत होती, "अगं, ह्या वड्या थाप, तुझा हात हलका आहे." मी पळून जायचे. शुक्रवारी दुपारी तिने मला बोलावलं आणि सांगितलं की बायकांना हळदकुंकू तू लावायचंस, मोठी झालीस आता.

मला पुढे बसलेल्या सगळ्या बायका दिसल्या आणि त्यांच्या कपाळावर माझं बोट दिसलं. मी सगळ्यांना हे लावणार. आईला पुन्हा लावणार. मी मागच्या दाराने निघाले आणि आमलीचा रस्ता धरला.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. टिपणीसबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी न्हाऊन केस मोकळे सोडले होते आणि दोरीवर कपडे घालत होत्या. त्यात पांढऱ्या फडक्यांच्या घड्याही होत्या, भर उन्हात, सगळ्यांना दिसतील अशा. आमच्या घरी ती फडकी जुन्या लुगड्याखाली अंधारात वाळायची. मी त्यांना काय म्हणाले हे मला आठवत नाही. त्यांनी माझ्या परकराकडे पाहिलं, हाताला धरून आत नेलं आणि दार लोटलं. कोमट पाणी दिलं, आपल्या जुन्या मऊ पातळाचा तुकडा फाडून घडी करून दिली, ती कशी बांधायची ते दाखवलं. मग पितळी पेल्यात चहा दिला.

"नलिनी, तुला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचं आई सांगेल. मी तुला घरी पोचवते."

"आईला सांगू नका," मी रडायला लागले. "आई मरेल."

"का मरेल?"

मी सांगितलं. गोधडी, दिवा, कावळा, देवाचा कोप आता आईवर जाईल, सगळं. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून काही वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी ट्रंकेतून तो तक्ता काढला आणि जमिनीवर पसरला.

"तुझ्या वडिलांनी मला बंदी केली आहे," त्या म्हणाल्या. "पण तू एवढं ओझं घेऊन घरी जायचं, हे मला चालणार नाही. बस इथे."

बेंबीच्या खाली मुठीएवढी पिशवी असते, त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं. पुढेमागे बाळ व्हायचं झालं तर ते तिथे वाढतं. त्यासाठी शरीर दर महिन्याला आतून एक मऊ अस्तर तयार करतं. बाळ नसलं की ते अस्तर गळून बाहेर पडतं, रक्ताबरोबर. सगळ्या बायकांना होतं. मला होतं, तुझ्या आईला होतं, जसुबेनना होतं. स्वच्छ राहायचं, कापड उन्हात वाळवायचं, पोटभर जेवायचं. "हे एकमेकींना लागत नाही. शिवून काही होत नाही. कोणी मरत नाही. आणि ह्यात कावळा कुठेही नाही," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. मला इतकी भूक लागली की त्यांच्या डब्यातली सगळी बिस्किटं मी खाल्ली.

बाईंनी मला घरी आणलं तेव्हा पुढची खोली बायकांनी भरली होती. मागच्या दाराने जाऊ असं मी म्हणाले होते. पण बाई म्हणाल्या, "का? आपण काय चोरी केली?" आम्ही पुढच्या दारात उभ्या राहिलो. आई कुंकवाचा करंडा हातात घेऊन उठली. दुपारपासून मला शोधून, रडून तिचे डोळे सुजले होते.

"नली माझ्याकडे आली होती, वहिनी," बाई म्हणाल्या. "तिला पहिल्यांदाच... घाबरली होती. आता ठीक आहे."

सगळ्या बायकांना कळलं. जसुबेन मोठ्याने म्हणाल्या, "जुओ! शाळेत बंद केलं, तर आता पोरींना खोलीवर बोलावते! हेडमास्तरांच्या पोरीला पण सोडलं नाही!"

आई काहीतरी बोलेल म्हणून बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आईने एवढंच म्हणायला हवं होतं की पोर माझी आहे, तिला ह्या बाईने सांभाळून आणलं. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण तिने माझं मनगट धरलं, मला आत ओढलं आणि मधलं दार लावून घेतलं. बाईंना तिने कुंकूसुद्धा लावलं नाही. दाराच्या फटीतून मला पाठमोऱ्या बाईंचे मोकळे केस दिसले, आणि मग रस्ता.

आईने मला पडवीत बसवलं. बायका गेल्यावर, सगळं आवरून, ती दाराशी आली आणि उंबऱ्याच्या आत बसली.

"काय सांगितलं बाईंनी?" तिने विचारलं.

मी सांगितलं. पिशवी, अस्तर, सगळ्या बायका, उन्हातली फडकी. मला ते शब्द पाठच झाले होते. मग मी तिच्या गोधडीत शिरल्याचं सांगितलं आणि म्हणाले, "पण बाई म्हणाल्या, शिवून काही होत नाही. कोणी मरत नाही."

"असं म्हणाल्या?" आईचा आवाज वेगळाच आला. "पुन्हा सांग. कोणी मरत नाही असं म्हणाल्या?"

तेव्हा मला प्रथम कळलं की माझ्या आधी आईला एक मुलगा होता. नुकता चालायला लागला होता. कोकणातल्या घरी ती अशीच मागे बसलेली असताना तो दुडदुडत तिच्याकडे आला, पायरीवर पडला, रडायला लागला. घरात कोणी धावलं नाही म्हणून तिने त्याला उचलून पोटाशी धरलं. त्या आठवड्यात त्याला ताप भरला आणि तो गेला. सासूबाई एकदाच म्हणाल्या, विटाळशीने उचललं पोराला. पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. पुन्हा म्हणायची गरजच उरली नव्हती.

"मी उचलला म्हणून नाही ना गेला तो?" आईने मला विचारलं. ती पस्तिशीची बाई, मी बारा वर्षांची. मी म्हणाले, "नाही. बाई म्हणाल्या, नाही." बाई त्या मुलाबद्दल काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण ते खोटं बोलल्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. आईने उंबरा ओलांडला आणि मला जवळ घेऊन ती मोठ्याने रडली.

त्यानंतर सगळं बदलायला हवं होतं. पण दुसऱ्याच दिवशी कागद पुढे गेला. जसुबेनच्या यजमानांनी आणखी दोघांच्या सह्या घेऊन वर तक्रार केली होती. वरून अण्णांना खुलासा विचारला गेला. अण्णांनी खरं तेच लिहिलं, की तास बंद करण्याची ताकीद दिली होती आणि बाईंनी ती मोडली. त्यांनी माझं नाव लिहिलं नाही, बाईंविरुद्ध एक शब्द वाढवला नाही. पण बाईंनी ती ताकीद का मोडली हेही लिहिलं नाही. म्हातारपणी अण्णा मधूनच म्हणायचे, "मी खरं तेच लिहिलं होतं." आम्ही कोणी विचारलेलं नसायचं.

चौकशीला वरच्या ऑफिसातले साहेब आले. आईने माझी वेणी घातली आणि दारापर्यंत येऊन म्हणाली, "नली, मी तिथे येऊ शकत नाही. तू सगळं सांग. बाईंनी तुला किती मायेने सांगितलं ते सांग. घाबरू नको." मी मान हलवली. वाटेत सगळं मनात म्हणूनही पाहिलं.

अण्णांच्या ऑफिसात साहेब खुर्चीत बसले होते. शेजारी त्यांचा कारकून लिहायला बसला होता, अण्णा भिंतीशी उभे होते. तिघेही पुरुष. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दार उघडंच होतं, त्यांना आतलं सगळं ऐकू येत असणार.

साहेब चांगले होते हो. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "बाळ, बाईंनी तुला खोलीवर नेऊन काय सांगितलं?"

मी तोंड उघडलं. पिशवी हा शब्द जिभेवर होता. पण त्याच्या पुढचे सगळे शब्द त्या तीन पुरुषांसमोर एकदम घाण झाले. माझे कान तापले.

"बोल, घाबरू नको. काही वाईट बोलल्या का?"

नाही, एवढं तरी म्हणायचं. मान तरी हलवायची. मी जमिनीकडे बघत राहिले आणि रडायला लागले. साहेबांनी एक उसासा टाकला आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा, मुलगी लाजेने सांगू शकत नाही." अण्णा काही तरी बोलतील असं मला वाटलं. अण्णाही जमिनीकडेच बघत होते.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि ह्याच विषयाचे तास घेतले. शब्द आता मला अडत नाहीत, मुलं असोत, मुली असोत, पुढे कलेक्टर बसलेला असो. लोक म्हणतात, तुम्ही किती सहज बोलता. बारा वर्षांच्या पोरीची काय चूक, असंही मी माझ्याशी शंभरदा म्हणून पाहिलं आहे. ते पटतं आणि तरीही ती टोचणी जात नाही. बाहेरच्या बाकावर त्या माझ्या आवाजाची वाट पाहत होत्या.

बाई हंगामीच होत्या, त्यांना काढायला फारसं काही लागलं नाही. त्या जायच्या दिवशी आई मला घेऊन बसच्या थांब्यावर गेली. तिने नाचणीच्या लाडवांचा डबा नेला होता. बसला माणसं बरीच होती, कचेरीतलेही होते. आईने बाईंच्या हातात डबा दिला, त्यांना कुंकू लावलं आणि आवाज न दाबता म्हणाली, "बाई, त्या दिवशी बायकांसमोर मी बोलायला हवं होतं. तुम्ही माझ्या पोरीला जे सांगितलंत त्याने माझ्या जिवावरचा दगड उतरला. मी गप्प राहिले. मला माफ करा."

बाईंचे डोळे भरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नलीला रागावू नका, वहिनी. साहेबांनी मला विचारलं, नेमके कोणते शब्द वापरलेत ते सांगा. आणि माझी जीभसुद्धा अडखळली. इतकी वर्षं शिकवते आहे मी." मग त्या बसमध्ये चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला की नाही हे धुळीत दिसलं नाही. त्या कुठे जाणार हे विचारायचंही आमच्याकडून राहिलं. नंतर अण्णांनी वरच्या ऑफिसात, मुंबईतल्या ओळखीच्या शिक्षकांकडे, पुष्कळ चौकशी केली. पत्ता लागला नाही.

महिनाभराने आईने अण्णांना सांगितलं की शाळेत चालणार नसेल तर आमच्या अंगणात चालेल, शनिवारी मुलींना पाठवा. अण्णांनी पाठवल्या. आई चौथी शिकलेली. तिच्याकडे तक्ता नव्हता. तिने राख पसरलेल्या जमिनीवर काडीने मूठ काढली आणि सांगितलं, एवढी पिशवी असते. तिचा चेहरा लाल होता, पण ती थांबली नाही. जिथे तिला शब्द सुचला नाही तिथे तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तो सांगितला. हंसा आली होती, आमच्या वर्गातल्या आल्या होत्या, जवळच्या अथाल गावच्या दोन मुलीही होत्या. कुंपणापलीकडे जसुबेन उभ्या होत्या. कंबरेवर हात ठेवून, हे काय चाललं आहे ते बघायला. हळूहळू त्या कुंपणाला टेकल्या. मग फाटक उघडून आत आल्या आणि हंसाच्या मागे जमिनीवर बसल्या.

जसुबेन पुढे बऱ्या झाल्या हे आधीच सांगून टाकते. अण्णा आणि त्यांचे यजमान त्यांना वलसाडच्या दवाखान्यात घेऊन गेले, ऑपरेशन झालं, आणि त्या नंतर कितीतरी वर्षं जगल्या. पण त्या दुपारी हे कोणाला ठाऊक नव्हतं. आईचं सांगून संपलं, मुली उठून गेल्या, तरी जसुबेन उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या बसून राहिल्या. त्यांचा चेहरा किती पांढरा पडला आहे ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

"बेन," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला दिवाळीपासून थांबतच नाही. रोज जातं. कोणाला सांगितलं नाही मी. हे कशाने?"

आईने काडी खाली ठेवली. "ते मला नाही ठाऊक," ती म्हणाली. "ते बाईंना ठाऊक असेल."

जसुबेननी आईचा हात धरला. "तो बोलावो ने एमने," त्या म्हणाल्या. "बोलवा ना त्यांना."

आम्ही तिघी तिथे बसून राहिलो. रस्त्यावरून वापीची बस भोंगा वाजवत गेली आणि कोणीही मान वर करून बघितलं नाही.